कॉलेज वेबसाइटसाठी स्टार्टर टेम्प्लेट बनवतोय, स्लायडर सोडून बाकी बोला

नऱ्हेवासी

नमस्कार मंडळी. मी आणि माझा पार्टनर, दोघंच आहोत, वेबसाइटची कामं घेतो आणि त्यातली बरीचशी आता कॉलेजांची असतात. पुण्यात कॉलेजांना तोटा नाही, शिवाय विद्यापीठ एकच असल्यामुळे नगर-नाशिककडूनही ओळखीओळखीने फोन येतात. दरवेळी शून्यापासून तेच तेच करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच काय तो नीट स्टार्टर टेम्प्लेट बनवून ठेवायचा विचार आहे, म्हणजे नवीन कॉलेज आलं की लोगो, रंग, नाव बदललं आणि आठवड्याभरात डेमो तयार.

आता मुद्दा असा की बाजारात मिळणारी सगळी "एज्युकेशन थीम" मंडळी होमपेजवर जीव ओततात. मोठ्ठा सरकत्या फोटोंचा स्लायडर, हसणारी परदेशी पोरं, "अप्लाय नाऊ", आकडे गरागरा फिरणारे काउंटर. आणि कॉलेजातल्या मीटिंगाही त्यावरच होतात, संस्थापकांचा फोटो डावीकडे का उजवीकडे, सेक्रेटरींचा फोटो प्रिन्सिपलपेक्षा मोठा हवा का. पण साइट चालू झाल्यावर पुढची पाच वर्षं तिथे काय चढतं? पीडीएफ. सूचना, वेळापत्रक, कमिट्यांची यादी, मिनिट्स, अहवाल, मेरिट लिस्ट, परत पीडीएफ. माझं स्पष्ट मत आहे की कॉलेजची वेबसाइट म्हणजे कागदपत्रांचं कपाट आहे आणि टेम्प्लेटची सुरुवात तिथूनच करायला हवी, होमपेज सगळ्यात शेवटी.

सध्या ठरलंय ते असं, वर्डप्रेस (साइट बनवायची आणि सांभाळायची तयार प्रणाली) घ्यायचं, आणि पेजेस कमीत कमी ठेवून "सूचना", "कागदपत्र", "समिती", "व्यक्ती", "विभाग", "अभ्यासक्रम" असे वेगळे पोस्ट टाइप (नोंदींचे प्रकार) करायचे. प्रत्येक कागदपत्राला शैक्षणिक वर्षाचा टॅग सक्तीचा. तुमच्यापैकी कोणी कॉलेजात आहे, कोणी अशा साइट्स सांभाळल्यात, त्यांनी सांगा काय काय लागतं आणि मुख्य म्हणजे काय नको.

शनिवारपेठी

चांगला धागा, वाचनखूण साठवली.

पहिला प्रश्न, हे "स्टार्टर" म्हणजे कॉपी मारून पुढे जायचं वालं का? कारण गिटहबवर टेम्प्लेट रेपो (कोडचा साठा) करून त्यातून नवीन रेपो काढला की मूळ रेपोची हिस्टरी सोबत येत नाही, म्हणजे मुळातली दुरुस्ती पुढे आपोआप जात नाही. पहिल्या दिवशी छान वाटतं. दोन वर्षांनी होस्टिंगवाला पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं) व्हर्जन वाढवतो, तुमचं एक फंक्शन बोंबलतं, आणि मग जितकी कॉलेजं तितक्या ठिकाणी हाताने दुरुस्ती करत बसायचं. त्यापेक्षा पॅरेंट (मूळ) थीम एकच ठेवा जिला अपडेट जातील, आणि प्रत्येक कॉलेजला बारीकशी चाइल्ड थीम द्या ज्यात फक्त लोगो, रंग आणि फॉन्ट. आता ब्लॉक थीममधे थीम डॉट जेसन फाइल असते, रंग-फॉन्ट सगळे तिच्यात बसतात, चाइल्डची फाइल पॅरेंटवर मात करते, म्हणजे चाइल्डमधे जवळपास कोड नसतोच.

दुसरं, पोस्ट टाइप थीममधे लिहू नका, वेगळ्या प्लगिनमधे लिहा. थीममधे लिहिलेत आणि उद्या कोणी थीम बदलली की डॅशबोर्डातून "सूचना" हा मेन्यूच गायब होतो. डेटा डेटाबेसमधे असतो खरा पण कॉलेजला वाटतं सगळं उडालं आणि रात्री साडेअकराला फोन येतो.

नऱ्हेवासी

@शनिवारपेठी हो, पोस्ट टाइपचं प्लगिन वेगळंच आहे. पॅरेंट-चाइल्डचं पटलं. आमचा कल कॉपी मारण्याकडे होता कारण प्रत्येक प्रिन्सिपलला काहीतरी "आमचं वेगळं" हवं असतं, पण ते वेगळेपण बघितलं तर नव्वद टक्के वेळा रंगाचंच असतं.

पीएमटीप्रेमी

वर्डप्रेस कशाला राव? ह्यूगो नाहीतर अ‍ॅस्ट्रो घ्या, स्टॅटिक साइट, डेटाबेस नाही, प्लगिन नाही, हॅक होण्याची भानगड नाही. मेरिट लिस्टच्या दिवशी सगळं पुणे एकदम साइटवर तुटून पडलं तरी सर्व्हरला घाम फुटणार नाही. होस्टिंगही जवळजवळ फुकट. कॉलेजच्या साइटमधे डायनॅमिक असतंच काय?

हेडक्लार्क

पीएमटीप्रेमी, मी एका अनुदानित कॉलेजात ऑफिसला आहे, साइटवर सूचना मीच टाकते. तुमचं ते स्टॅटिक म्हणजे मी नेमकं काय करायचं? आमच्याकडे आधी एका माजी विद्यार्थ्याने असंच काहीतरी करून दिलं होतं, त्यात सूचना टाकायची तर एक फाइल उघडून तीन डॅश, त्याखाली तारीख, परत तीन डॅश असं लिहायचं आणि एक डॅश कमी पडला की अख्खी साइट बंद. तो मुलगा नोकरीला बंगलोरला गेला. मग काय, आठ महिने साइटवर दिवाळीच्या सुट्टीचीच सूचना.

मला एवढंच हवंय. एक फॉर्म. विषय, तारीख, कुठल्या वर्गासाठी, पीडीएफ जोडा, पब्लिश. आणि कधी काढून टाकायची ती तारीख, म्हणजे मला परत लक्षात ठेवायला नको. स्कॉलरशिपचे फॉर्म, परीक्षा फॉर्म आणि ॲडमिशन एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा मी डिझाइन बघत बसत नाही हो.

नऱ्हेवासी

@हेडक्लार्क ताई, तुमचा हा प्रतिसाद मी प्रिंट काढून भिंतीला लावतोय. फॉर्म अगदी असाच आहे. संपण्याची तारीख उलटली की सूचना होमपेजवरून आपोआप उतरेल पण संग्रहात राहील, पुसली जाणार नाही. आणि तुमच्या लॉगिनला बाकीचे मेन्यू दिसणारच नाहीत, प्लगिन-थीम-सेटिंग काही नाही, फक्त सूचना आणि कागदपत्रं.

@पीएमटीप्रेमी तुमचा लोडचा मुद्दा बरोबर आहे, त्याला उपाय म्हणजे पुढे कॅशिंग लावायचं (तयार पानाची प्रत साठवून तीच द्यायची) आणि मेरिट लिस्टची पीडीएफ सीडीएनवरून, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून द्यायची. वर्डप्रेस मला फार आवडतं अशातला भाग नाही, पण आमच्यानंतर ते सांभाळणारा माणूस अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलं तरी भेटतो, ह्यूगोवाला शोधावा लागतो.

स्टाफरूम

उशिरा आलो, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवेना. मी कॉलेजात नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) कोऑर्डिनेटर होतो (माझ्या मर्जीने नाही).

धागाकर्त्यांचं कपाट पटलं पण कपाटातली जागा हलता कामा नये, हे टेम्प्लेटचं एक नंबरचं कलम करा. एसएसआरमधे (नॅकला द्यायच्या स्व-मूल्यांकन अहवालात) पाच वर्षांचा डेटा असतो आणि मेट्रिकमागून मेट्रिक वेबसाइटच्या लिंका दिलेल्या असतात. ऑनलाइन सबमिट झाल्यावर त्या लिंका आपल्या हातात राहत नाहीत. आणि नेमकं त्याच सुमारास संस्थेतल्या कोणाला तरी वाटतं की पीअर टीम (नॅकची पाहणी समिती) येणार आहे तर साइट नवीकोरी करून टाकू. एका कॉलेजात मी स्वतः पाहिलंय, साइट चकाचक झाली, आणि डीव्हीव्हीवाल्यांनी (नॅकतर्फे डेटा तपासणाऱ्यांनी) क्लॅरिफिकेशन मागितलं तेव्हा निम्म्या लिंका ४०४, म्हणजे पानच सापडत नाही. प्राध्यापक मंडळी रात्री कॉलेजात बसून जुन्या फाइली शोधतायत, चहा चालूये, आणि ज्याने साइट केली तो म्हणतो कोटेशनमधे हे नव्हतं.

वर्डप्रेसची एक खोडी अशी की फाइल वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमधे जाते. जुलैत चढवलेल्या अहवालात चूक सापडली, ऑगस्टमधे दुरुस्त करून चढवला, तर पत्ता बदलला. त्याच महिन्यात त्याच नावाने चढवला तर नावामागे "-१" लागतं, तरी पत्ता बदललाच. म्हणून पीडीएफची लिंक कधीही थेट देऊ नये. मधे एक कायमचा पत्ता हवा, समजा "एक्यूएआर २०२२-२३" (एक्यूएआर म्हणजे नॅकचा वार्षिक गुणवत्ता अहवाल) असा, आणि तो पत्ता आतल्या आत ताज्या फाइलकडे वळवायचा. फाइल दहा वेळा बदला, बाहेरची लिंक तीच.

आता पानं कुठली लागतात ते डोक्यात आहे तसं सांगतो. आयक्यूएसीची (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची) रचना, मिनिट्स आणि अ‍ॅक्शन टेकन रिपोर्ट वर्षवार. एक्यूएआर वर्षवार. बेस्ट प्रॅक्टिसेस आणि इन्स्टिट्यूशनल डिस्टिंक्टिव्हनेस यांना स्वतंत्र पान, कारण नॅकच्या सातव्या क्रायटेरियनमधे (निकषात) त्यांची लिंक द्यावी लागते. एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या क्रमवारीत) भाग घेत असाल तर तिथे भरलेला डेटा साइटवर ठेवावा लागतो. इंजिनिअरिंग-मॅनेजमेंटला एआयसीटीई या नियामकाचं मँडेटरी डिस्क्लोजर (सक्तीने जाहीर करायची माहिती). बीएड असेल तर एनसीटीई, फार्मसी असेल तर पीसीआय, प्रत्येक नियामकाचा तक्ता वेगळा. त्यामुळे सगळ्यांना एकच मेन्यू देऊ नका, नियामक निवडला की त्याची पानं चालू झाली पाहिजेत, नाहीतर कॉमर्स कॉलेजच्या मेन्यूत वर्कशॉप आणि ड्रॉइंग हॉल दिसायचा.

हेडक्लार्क

सर, माहितीचा अधिकार राहिला. आम्ही अनुदानित, त्यामुळे २००५ च्या कायद्याच्या कलम ४ (१) (ख) ची १७ मुद्द्यांची माहिती, जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची नावं. माणूस रिटायर होतो पण साइटवर नाव तेच राहतं आणि अर्ज त्याच्या नावाने येत राहतात.

स्टाफरूम

अगदी! आणि त्यावरून समित्या आठवल्या. धागाकर्ते, तुम्ही "समिती" हा पोस्ट टाइप ठेवलाय ते फार चांगलं केलंत, त्यात मुदतीचा रकाना टाका. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. विद्यार्थी तक्रार निवारण समिती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे, तिच्यात शिक्षक सदस्यांची मुदत दोन वर्षं आणि विद्यार्थी प्रतिनिधीची एकच वर्ष. शिवाय विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीच्या लोकपालाची माहिती, ते विद्यापीठ नेमतं. महाविद्यालय विकास समिती २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ खाली. ही सगळी नावं वर्डमधे टाइप करून पीडीएफ करून टाकतात आणि मग तीन ठिकाणी तीन वेगळ्या याद्या सापडतात. "व्यक्ती" एकदाच भरायची, समितीत फक्त जोडायची, मुदत संपायच्या महिनाभर आधी ऑफिसला मेल गेला पाहिजे.

नऱ्हेवासी

मुदतीचा मेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. लगेच घेतो. एका व्यक्तीचा फोन बदलला की विभागाच्या पानावर, समितीत, संपर्कात सगळीकडे बदलणार हे कॉलेजला दाखवलं की काम हमखास मिळतं असा माझा होरा आहे :)

टीवायची_पोरगी

विद्यार्थ्यांचं पण कोणीतरी बोला! आम्हाला बेस्ट प्रॅक्टिस बघायची नसते. आम्ही साइट उघडतो मोबाइलवर, तेही पीएमपीएमएलच्या बसमधे लटकत, आणि आम्हाला हवं असतं परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, लेट फी किती, टाइमटेबल, आणि सिलॅबस. सिलॅबसला पॅटर्न लिहा प्लीज, २०१९ चा का २०२४ चा. आमच्या सीनियरचा आणि आमचा वेगळा आहे आणि साइटवर नुसतं "सिलॅबस नवीन" लिहून तीन फाइली टाकल्यात.

सूचनेचं नाव "नोटीस" नका ठेवू, सगळ्याच नोटिसा असतात. "एसवाय बीकॉम सेम ३ बॅकलॉग फॉर्म मुदतवाढ" असं असलं की सर्चमधे सापडतं. आणि अँटी रॅगिंगचा नंबर १८००-१८०-५५२२ कुठल्यातरी पीडीएफच्या चौथ्या पानावर न ठेवता तळाला प्रत्येक पानावर, दाबला की कॉल लागला पाहिजे. ज्याला खरंच गरज आहे तो पीडीएफ डाउनलोड करत बसणार आहे का?

मेरिट लिस्टमधे आमचे मोबाइल नंबर आणि जन्मतारखा का छापतात देव जाणे. अ‍ॅडमिशननंतर दोन महिने क्लासवाल्यांचे फोन येत होते.

शनिवारपेठी

+१ शेवटच्या मुद्द्याला. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे आता. टेम्प्लेटमधे मेरिट लिस्टसाठी ठरलेले कॉलमच द्या, अर्ज क्रमांक, नाव, प्रवर्ग, गुण, बास. एक्सेल जशीच्या तशी चढवायची सोयच ठेवू नका. आणि प्रवेशप्रक्रिया संपली की पान सर्चमधून काढायचं, दहा वर्षांपूर्वीच्या याद्या आजही गुगलवर सापडतात.

कॉन्ट्रास्टवाला

मी कमी दिसणाऱ्यांपैकी आहे, स्क्रीन रीडर वापरतो, एमए करतोय. कॉलेजच्या साइटवर मला दिसणारी सगळ्यात मोठी अडचण ही स्लायडर वगैरे नाहीच, अडचण आहे स्कॅन केलेली सूचना. ऑफिसमधे कॉम्प्युटरवर टाइप करतात, प्रिंट काढतात, सही-शिक्का होतो, मग स्कॅन करून चढवतात. म्हणजे अक्षरं होती ती चित्र झाली. स्क्रीन रीडरला तिथे कोरा कागद. सही हवी ती पीडीएफमधे असू द्या पण फॉर्ममधे मजकुराचा रकानासुद्धा ठेवा, दोन-तीन ओळी का होईना, टाइप केलेलं असतंच, कॉपी-पेस्ट करायचंय.

रंगांचं म्हणाल तर साध्या मजकुराला ४.५ : १ कॉन्ट्रास्ट हा डब्ल्यूसीएजीचा (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा) एए पातळीचा नियम आहे. संस्थेचा रंग केशरी किंवा पिवळा असेल आणि त्यात पांढरी अक्षरं लिहिलीत तर नियम तर सोडाच, चांगल्या डोळ्यांनाही उन्हात दिसत नाही. सरकणारी पट्टी लावायचीच असेल तर थांबवायचं बटण द्या, पाच सेकंदांच्या वर आपोआप हलणारं काहीही थांबवता आलं पाहिजे. जीआयजीडब्ल्यू ही गाईडलाइन सरकारी साइट्ससाठी आहे पण चेकलिस्ट म्हणून वाचून काढा, आणि अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, तो काही फक्त रॅम्प आणि लिफ्टपुरता नाही.

हेडक्लार्क

@कॉन्ट्रास्टवाला, मजकूर मी टाकीन हो, पण आमच्याकडे जुन्या फॉन्टात टाइप होतं, ते साइटवर पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलर-टक्के उमटतात.

शनिवारपेठी

ताई, तो युनिकोडचा प्रश्न. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवायचे, फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. नवीन टायपिंग युनिकोडमधे सुरू करायचं, आणि जुन्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. धागाकर्ते, फॉर्मच्या शेजारी असा कन्व्हर्टर बसवून द्या, ऑफिसवाले आशीर्वाद देतील. जुन्या स्कॅनसाठी टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी वाचतं, शंभर टक्के नाही पण सर्चपुरतं पुष्कळ. स्कॅन करताना ग्रेस्केल आणि २०० डीपीआय ठेवा, रंगीत ६०० ला स्कॅन करून ४० एमबीची सूचना कोणी उघडत नाही. त्यात पीएचपीची अपलोडची मूळ मर्यादा दोन एमबी असते, ती वाढवून ठेवा नाहीतर पहिल्याच दिवशी "फाइल जात नाही" ऐकाल.

मराठी साइटची अजून एक गंमत. सूचनेचं शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस त्याचाच पत्ता बनवतं, आणि पत्त्यात प्रत्येक देवनागरी अक्षर नऊ कॅरेक्टर खातं, प्रत्येक काना-मात्रा वेगळी नऊ खाते. जागा एकूण २००. म्हणजे अक्षरं आणि काना-मात्रा मिळून बावीसांत खेळ खलास. "वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ" लिहून बघा, पत्त्यातून समारंभ गळतो. शिवाय व्हॉट्सअपवर ती लिंक टाकली की टक्क्यांची रांगच रांग. त्यामुळे पत्ता आपोआप तारीख आणि क्रमांकावरून बनवा, शीर्षक खुशाल मराठीत असू द्या. आणि मराठी पानाच्या कोडमधे भाषेची खूण (लँग) "एमआर" म्हणजे मराठी द्यायला विसरू नका, स्क्रीन रीडर उच्चार त्यावरून ठरवतो, आणि फॉन्टमधे सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

नऱ्हेवासी

समारंभ खरंच गळला!! आत्ता करून बघितलं.

पीएमटीप्रेमी

माघार घेत नाहीये, पण वर्डप्रेसच घेणार असाल तर एक उद्योग करा. गुगलमधे "साइट" कोलन आणि कॉलेजचं डोमेन लिहून पुढे "कसिनो" टाका. एसी डॉट इन आणि एडू डॉट इन वर सर्च इंजिनचा भरवसा जास्त म्हणून हॅकर मंडळी त्यातच घुसून आत जुगाराची पानं लपवतात, होमपेज ठीकठाक दिसतं म्हणून कॉलेजला पत्ताच नसतो. पायरेटेड थीम हे त्याचं एक दार. अपडेट कोण करणार ते करारात लिहा.

आणि डोमेन! ही दोन्ही डोमेनं अर्नेट या सरकारी संस्थेकडून मिळतात, संस्थाप्रमुखाच्या पत्रावर. तिथे संपर्काला सरांचा वैयक्तिक ईमेल देऊ नका. सर निवृत्त होऊन मुलाकडे अमेरिकेला, रिन्यूअलचे मेल त्यांच्या इनबॉक्सात, इकडे साइट बंद. पदाच्या नावाने ईमेल काढा.

स्टाफरूम

यावर एक पुरवणी. होस्टिंगही कॉलेजच्या नावावर आणि कॉलेजच्या पैशाने घ्या, वेंडरच्या खात्यात नको. धागाकर्ते रागावू नका, तुमच्याबद्दल नाही म्हणत.

नऱ्हेवासी

रागवायचं काय त्यात, आमचं तरी काय, उद्या पार्टनरने दुकान बदललं तर? पासवर्डचं पाकीट सील करून प्रिन्सिपलच्या कपाटात, हे हँडओव्हरमधे टाकतोच आहे.

तर सध्याचा क्रम असा ठरतोय. आधी प्लगिन, त्यात कायमचे पत्ते आणि शैक्षणिक वर्ष. मग ऑफिसचा फॉर्म. मग व्यक्ती-समिती आणि मुदतीचे मेल. नियामकाप्रमाणे चालू-बंद होणारी पानं त्यानंतर, कारण ते तक्ते बदलत राहतात आणि त्यांना पॅरेंटमधूनच अपडेट गेला पाहिजे. जुन्या साइटवरून नव्यावर येताना सगळ्या जुन्या लिंकांची यादी काढून रिडायरेक्ट लावणं (जुना पत्ता नव्याकडे वळवणं) हे ऐच्छिक नाही, कोटेशनमधलीच एक ओळ. थीमला अजून हात लावलेला नाही. चाचणीला एखादं कॉलेज मिळालं तर बरं, @हेडक्लार्क ताई, प्रिन्सिपल सरांना विचारता का? पहिल्या कॉलेजला मजुरी माफ.

हेडक्लार्क

विचारते. आधी एक सांगा, मोबाइलवरून सूचना टाकता येईल का? निवडणुकीच्या कामाला जावं लागतं तेव्हा मी दिवसभर बाहेर असते, आणि नेमकी तेव्हाच विद्यापीठाची मुदतवाढ येते.

नऱ्हेवासी

येईल. तोच फॉर्म मोबाइलवर उघडतो, पीडीएफ व्हॉट्सअपवर आलेली असली तरी फोनमधे सेव्ह करून जोडता येते. विषय आणि शेवटची तारीख भरल्याशिवाय मात्र पब्लिशचं बटण चालू होणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.